लेकरांच्या इंग्रजीची उजळणी



लेकरू सहावी-सातवीत जाते. संध्याकाळी पुस्तक उघडून बसते. मध्येच विचारते, "माय, अ‍ॅडव्हर्ब म्हंजे काय गं?" माय म्हणते, "मला काय इचारतोस, बाबा? मी कुठं शिकलेली?" बाप म्हणतो, "उद्या गुरुजींना इचार." लेकरू पुस्तक मिटून ठेवते.

असे घरोघर चालते. चार वेळा असे झाले म्हणजे लेकरू विचारणेच सोडते. वर्गात मागच्या ओळीत जाऊन बसते. पुढे आठवी-नववीत इंग्रजीच्या पेपराची धास्ती बसते आणि शाळाच नको वाटू लागते. त्यातून मुलगी असली तर "राहू दे आता घरी" असे म्हणायला आपण तयारच असतो. एका विषयाच्या भीतीपायी सगळी शाळा सुटते. हे नुकसान लहान नाही.

आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत. तुम्हांला इंग्रजी येत नसले तरी लेकराच्या इंग्रजी व्याकरणाची उजळणी तुम्ही करून घेऊ शकता. स्पेलिंग सांगता येणार नाही, ते खरे. उच्चार बरोबर की चूक, तेही सांगता येणार नाही. ते काम गुरुजींचे आणि बाईंचे. पण कोणता शब्द वाक्यात कोणते काम करतो, हे तुम्हांला कळते. जन्मापासून तुम्ही मराठी बोलत आला आहात. त्यात ते सगळे आहे. फक्त त्याची नावे तुम्हांला कोणी सांगितली नाहीत.

परकी भाषा शाळेच्या दारात उभी असते, हे आपल्या परभणी जिल्ह्याला नवे नाही. १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी, शाळेत उर्दू, अशी त्या वेळच्या पोरांची गत होती. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. मराठीतून शिकण्याची वाट मोकळी झाली. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. त्यामुळे आज सहावीच्या लेकराने पाच वर्षे इंग्रजी पाहिलेले असते. शब्द पुष्कळ कानांवर पडलेले असतात. पण ते घोंगडीवर सांडलेल्या धान्यासारखे असतात. ज्वारी, तूर, मूग, सगळे एकत्र! ते निवडून वेगळे करायचे. या निवडण्याचेच नाव उजळणी.

शब्दांच्या जाती

व्याकरणात 'शब्दांच्या जाती' असे म्हणतात. जात म्हटल्यावर दचकू नका. शब्दाची जात जन्मावरून ठरत नाही, ती कामावरून ठरते. आज एका वाक्यात शब्द एक काम करतो, उद्या दुसऱ्या वाक्यात दुसरे. काम बदलले की जात बदलली. माणसांनी शब्दांपासून शिकावे अशी ही गोष्ट आहे!

मराठीत या जाती आठ आणि इंग्रजीतही आठच. हे कसे झाले? आपल्याकडे फार पूर्वी यास्क नावाच्या पंडिताने संस्कृत शब्दांचे चार प्रकार मानले होते. तिकडे ग्रीक लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी आठ प्रकार केले. ग्रीकांकडून ते लॅटिन भाषेत गेले आणि लॅटिनमधून इंग्रजीत आले. पुढे आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले. त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. तेव्हापासून मराठी पोरेही आठ जाती शिकू लागली. म्हणून मराठीच्या आठ जाती नीट कळल्या की इंग्रजीच्या आठ कळायला अवघड जात नाही. दोन्ही घरे एकाच नकाशावर बांधली आहेत.

आता एक वाक्य घेऊ. घरचेच आहे.

"अरे वा! काळा बैल हळू चालतो आणि तो विहिरीजवळ पाणी पितो."

याचे इंग्रजी असे होईल: "ब्राव्हो! द ब्लॅक ऑक्स वॉक्स स्लोली अँड इट ड्रिंक्स वॉटर निअर द वेल."

या एका वाक्यात आठही जाती आहेत. एकेक पाहू.

पहिली जात नाम. इंग्रजीत नाउन. माणूस, जनावर, वस्तू, गाव, गुण, कशाचेही नाव असो, ते नाम. बैल, विहीर, पाणी ही नामे. परभणी हेही नाम. दुःख, माया, भूक ही दिसत नाहीत, पण त्यांनाही नाव आहे, म्हणून तीही नामे. आपल्या इथल्या कृषी विद्यापीठाने भेंडीची एक जात काढली, 'परभणी क्रांती'. भेंडी म्हटले की कोणतीही भेंडी. परभणी क्रांती म्हटले की ती एकच. पहिले सामान्यनाम, दुसरे विशेषनाम. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढतात. लेकराच्या वहीत गावाचे नाव मोठ्या अक्षराने सुरू झाले आहे का, एवढे तुम्ही विचारू शकता.

दुसरी जात सर्वनाम. इंग्रजीत प्रोनाउन. नावाच्या जागी बदलीवर आलेला शब्द. "बैल चालतो आणि बैल पाणी पितो" असे आपण म्हणत नाही. दुसऱ्यांदा 'तो' म्हणतो. हा 'तो' म्हणजे सर्वनाम.

तिसरी जात विशेषण. इंग्रजीत अ‍ॅड्जेक्टिव्ह. हा शब्द नामाविषयी जास्त माहिती सांगतो. बैल कसा? काळा. किती बैल? दोन. कोणता बैल? तो शिंगमोड्या. काळा, दोन, शिंगमोड्या ही विशेषणे.

चौथी जात क्रियापद. इंग्रजीत व्हर्ब. हा वाक्यातला कर्ता-सवरता गडी. चालतो, पितो, पेरतो, आहे, झाले ही क्रियापदे. क्रियापदावाचून वाक्य पुरे होत नाही. "काळा बैल विहिरीजवळ..." एवढेच बोलून कोणी थांबला तर ऐकणारा विचारतो, "मग? पुढे काय?" त्या 'पुढे काय'चे उत्तर म्हणजे क्रियापद.

पाचवी जात क्रियाविशेषण. लेकराने विचारलेले अ‍ॅडव्हर्ब ते हेच. हा शब्द बहुधा क्रियेविषयी सांगतो. बैल कसा चालतो? हळू. केव्हा आला? काल. कुठे गेला? वर. 'काळा' हा बैलाचा गुण, 'हळू' हा चालण्याचा गुण. एवढा फरक कळला की काम झाले. इंग्रजीत अशा शब्दांच्या शेवटी पुष्कळदा 'ली' येते, जसे स्लोली, क्विकली. पण दरवेळी येतेच असे नाही, आणि 'फ्रेंडली' सारख्या शब्दाला 'ली' असूनही तो विशेषण असतो. म्हणून शेपटी पाहून नव्हे, काम पाहून ठरवावे.

सहावी जात शब्दयोगी अव्यय. इंग्रजीत प्रेपोझिशन. हा शब्द नामाला जोडून येतो आणि जागा, वेळ, कारण दाखवतो. विहिरीजवळ, झाडाखाली, घरापुढे, लेकरासाठी. यांतले जवळ, खाली, पुढे, साठी ही शब्दयोगी अव्यये.

सातवी जात उभयान्वयी अव्यय. इंग्रजीत कंजंक्शन. नाव लांबलचक, काम सोपे. दोन शब्द किंवा दोन वाक्ये जोडणारा हा दोर. आणि, पण, किंवा, कारण, म्हणून.

आठवी जात केवलप्रयोगी अव्यय. इंग्रजीत इंटरजेक्शन. मनातून एकदम निघालेला उद्गार. अरे वा! शाब्बास! अरेरे! अबब!

झाल्या आठ जाती. यांत तुम्हांला न कळणारे काही होते का? शब्द रोजचे, फक्त नावे नवी.

वाक्यातला 'द' हा शब्द मात्र राहिला. तो कोणत्या खणात? ग्रीक भाषेत अशा शब्दांना स्वतःचा खण होता. लॅटिनमध्ये असा शब्दच नव्हता. खण रिकामा पडला, तेव्हा त्या मंडळींनी उद्गारांना वेगळा खण देऊन आठ पुरे केले. इंग्रजीने तीच मांडणी घेतली. म्हणून 'ए', 'अ‍ॅन' आणि 'द' यांना जुन्या पुस्तकांत विशेषणांच्या पंक्तीला बसवतात. लेकराने विचारले तर हे सांगा, त्याला मौज वाटेल.

मराठी लेकरू कुठे अडखळते?

नकाशा एक असला तरी दोन्ही घरांची दारे निराळ्या बाजूंना आहेत. आपली लेकरे नेमकी तिथेच अडखळतात. पाच जागा ध्यानात ठेवा.

पहिली जागा. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. "बैल पाणी पितो." इंग्रजीत ते मधे येते. "बैल पितो पाणी", अशी ती मांडणी. लेकराने इंग्रजी वाक्य लिहिले की त्याला विचारा, "क्रियापद कुठं आहे? बोट ठेव." बोट अगदी शेवटी गेले तर म्हणा, "एकदा पुन्हा पाहा."

दुसरी जागा. आपण 'झाडाखाली' म्हणतो. झाड आधी, खाली नंतर, आणि दोन्ही एकमेकांना चिकटलेले. इंग्रजीत 'अंडर द ट्री'. खाली आधी, झाड नंतर, आणि शब्द सुटे. कधी कधी आपल्याकडे सबंध शब्दसुद्धा लागत नाही. 'जगात' यातला नुसता 'त' जे काम करतो, त्याला इंग्रजीत 'इन' हा वेगळा शब्द लागतो.

तिसरी जागा. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण तुम्ही ऐकली आहे. आता तिच्यात क्रियापद शोधा. सापडते का? नाही! नुसती नामेच आहेत. तरी आपल्याला अर्थ कळतो. मराठीला हे चालते. "आमचं गाव जिंतूर", संपले वाक्य. इंग्रजीला हे चालत नाही. तिथे 'इज' म्हणजे 'आहे' घालावेच लागते. मराठी लेकरे हा 'इज' फार विसरतात. तो त्यांचा मठ्ठपणा नव्हे. ती मराठीच्या सवयीने चालतात, एवढेच.

चौथी जागा सर्वनामांची. कापूस 'तो', ज्वारी 'ती', सोयाबीन 'ते'. मराठीत वस्तूलाही लिंग आहे. इंग्रजीत वस्तू सगळ्या 'इट'. लेकरू कापसाला 'ही' आणि ज्वारीला 'शी' म्हणते, ते यामुळे. आणखी एक. आपल्याकडे 'तू' निराळा, 'तुम्ही' निराळे. इंग्रजीत दोघांनाही 'यू'. लेकराने गुरुजींना 'यू' म्हटले तर तो उर्मटपणा नाही. तसेच 'आम्ही' आणि 'आपण'. "आम्ही बोलतो" म्हटले की तुम्ही बाहेर. "आपण बोलू" म्हटले की तुम्ही आत. इंग्रजीत दोन्हींना 'वुई' हा एकच शब्द. या बाबतीत आपली भाषा जास्त श्रीमंत आहे. ते लेकराला जरूर सांगा. घरच्या भाषेचा अभिमान असला की परक्या भाषेचे भय कमी वाटते.

पाचवी जागा 'एस' या अक्षराची. नामाच्या शेवटी 'एस' आला की बहुधा पुष्कळ झाले. काऊ म्हणजे एक गाय, काऊज म्हणजे पुष्कळ गाई. पण क्रियापदाच्या शेवटी 'एस' आला की करणारा एकटा. 'द काऊ ईट्स', एक गाय खाते. 'द काऊज ईट', पुष्कळ गाई खातात. एकच अक्षर, दोन घरी दोन कामे. म्हणून आधी शब्दाची जात ओळखावी लागते. जात कळली नाही तर हा 'एस' कुठे लावावा ते कळत नाही. व्याकरण पाठ करायचे ते मार्कांपुरते नव्हे, ते असे उपयोगी पडते.

एक शब्द, दोन कामे

एक माणूस आपल्या घरी बाप असतो, बहिणीच्या घरी मामा असतो आणि सासुरवाडीला जावई असतो. माणूस तोच, नाते घराप्रमाणे. शब्दाचेही तसेच आहे. 'गिव्ह मी वॉटर', मला पाणी दे. इथे 'वॉटर' नाम आहे. 'वॉटर द प्लांट्स', रोपांना पाणी घाल. इथे तोच शब्द क्रियापद झाला. मराठीत पाहा. 'चांगला बैल' यात 'चांगला' हे विशेषण. 'बैल चांगला पळतो' यात तेच क्रियाविशेषण. म्हणून लेकराला नुसता सुटा शब्द देऊन "याची जात सांग" असे म्हणू नका. नेहमी वाक्य द्या.

घरी कसे करावे?

यासाठी पैसा लागत नाही. वेळही फार लागत नाही. रोज दहा मिनिटे पुरेत.

अंगणात खडूने आठ खण आखा. प्रत्येक खणात लेकराला जातीचे नाव लिहू द्या, मराठीत आणि इंग्रजीतही. मराठी नाव तुम्ही वाचा. तुमचीही उजळणी होईल. मग लेकराने आपल्या पुस्तकातले एक वाक्य घ्यावे. त्यातला एकेक शब्द चिठ्ठीवर लिहावा. वाक्याचा अर्थ तुम्हांला मराठीत सांगावा आणि चिठ्ठ्या त्या त्या खणात ठेवाव्यात.

इथून तुमचे काम सुरू होते. प्रत्येक चिठ्ठीला एकच प्रश्न विचारा, "ही इथंच का?"

लेकरू म्हणेल, "हे नाम आहे." तुम्ही विचारा, "कशाचं नाव?" ते म्हणेल, "हे विशेषण." तुम्ही विचारा, "कुणाचा गुण सांगतंय?" ते म्हणेल, "हे अ‍ॅडव्हर्ब." तुम्ही विचारा, "काम कसं झालं, कवा झालं, का कुठं झालं?" ते म्हणेल, "हे जोडणारं." तुम्ही विचारा, "कुणाला कुणाशी जोडलं?" उत्तर देता आले तर चिठ्ठी जागेवर. अडखळले तर चिठ्ठी बाजूला. बाजूला पडलेल्या चिठ्ठ्या उद्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवायच्या. म्हणजे लेकरू शाळेत "मला काहीच कळत नाही" असे म्हणणार नाही. "मला हे दोन शब्द कळले नाहीत" असे म्हणेल. या दोन बोलण्यांत फार अंतर आहे. पहिल्याने गुरुजी हताश होतात. दुसऱ्याने त्यांना मदत करता येते.

यात आणखी एक लाभ आहे. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला खरे समजते. तुम्हांला इंग्रजी येत नाही, म्हणून लेकराला सगळे फोड करून सांगावे लागते. तुमचे न येणे इथे उपयोगी पडते. पण एक पथ्य पाळा. लेकरू चुकले तर हसू नका, मारू नका, आणि "शेजारच्याला बघ कसं येतं" असे म्हणू नका. भ्यालेल्या लेकराच्या तोंडून कोणत्याच भाषेचा शब्द निघत नाही.

शेतात, बाजारातही हे करता येते. वेचणीला गेलात की क्रियापदे मोजा. वेचतो, वाकतो, बांधतो, उचलतो. बाजारात विशेषणे मोजा. ताजी, महाग, सुकी, आंबट. लेकराने प्रत्येकाला इंग्रजी शब्द सांगावा. न आलेला शब्द घरी येऊन पुस्तकात शोधावा.

उसाला जाणाऱ्या घरांसाठी

आपल्या जिल्ह्यातून, गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या बाजूंनी, पुष्कळ घरे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. लेकरू बरोबर गेले तर शाळेचे चार-पाच महिने बुडतात. हाती कोयता यायला मग वेळ लागत नाही. होईल तो लेकराला मागे, आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवा. जाण्याआधी शाळेत जाऊन तशी सोय आहे का ते विचारा. नाइलाजाने न्यावेच लागले तर पुस्तक आणि एक वही बरोबर न्या. कोपीवर खडू नसला तर काटकीने मातीत आठ खण आखता येतात. रोज एक वाक्य केले तरी परतेपर्यंत शंभरावर वाक्ये होतात. परत आल्यावर लेकरू वर्गात परके राहणार नाही.

मंडळी, तुम्ही मोठेपणी पाटी हातात घेतली. लाजला असाल, तरी घेतली. अक्षर कसे अवघड वाटते आणि मग एक दिवस कसे सोपे होते, हे तुम्ही आत्ताच भोगले आहे. लेकराची अडचण तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून "मला काय इचारतोस" हे बोलणे आजपासून सोडा. त्या जागी म्हणा, "वाच बरं ते वाक्य. त्याचं मराठी सांग. आता बघू, कोणता शब्द काय काम करतोय."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने लेकराच्या पुस्तकातले एक वाक्य उतरवून आणावे. इंग्रजी लेकराने लिहावे, त्याखाली मराठी अर्थ तुम्ही तुमच्या हाताने लिहावा. ती वाक्ये आपण सगळे मिळून आठ खणांत मांडू.